दुपारी वाजणारे दाजी

मृत्यूबरोबर माणसाचा आवाज कायमचा थांबतो आणि ते मौन हेच अंतिम सत्य, असं थोर लोकांनी निरनिराळ्या भाषांत लिहून ठेवलं आहे. माझे दाजी गेल्यानंतरही लातूरच्या त्यांच्या कॉलनीत बोलत होते. बहुधा दुपारी, जेवणं उरकून लोक आडवे झाले की. विषय पाणीपुरवठा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि लगोलग कॉलनीच्या पाणी समितीचे अध्यक्ष झाले. मधले थोडे दिवस त्यांनी कसे काढले ते अक्कालाच ठाऊक. माईक दिसला की त्यांचा कणा आपोआप ताठ व्हायचा. बारशापासून तेराव्यापर्यंत कुठंही ते 'दोन शब्द' बोलायला उभे राहत आणि ते दोन शब्द संपेपर्यंत पानातलं वरण गार होई. मेव्हणा या नात्यानं त्यांची थट्टा करायचा मला हक्क होता आणि मी तो पुरेपूर बजावला. तेही उधारी ठेवत नसत.

"मेव्हणे," ते म्हणायचे, "तुम्ही नांदेडात बसून त्या सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं लिहिता. ती वाचतं तरी कोण?"

प्रश्न रास्त होता. पुष्कळ वर्षं ती कोणीच वाचत नव्हतं. अलीकडं वाचली जातात, अगदी अक्षर न् अक्षर, पण वाचणारी माणसं नव्हेत.

लातुरात नळाला पाणी रोज येत नाही, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. एका उन्हाळ्यात या शहरानं आगगाडीनं आलेलं पाणी प्यायलं आहे. दाजींच्या कॉलनीची स्वतःची टाकी होती. ती भरली की व्हॉल्व्हमन पाणी सोडायचा, पण ती कधी भरेल ते आदल्या दिवशी कोणी सांगू शकत नसे. म्हणून दाजींनी एक सोय केली. पाणी सोडलं की कॉलनीतल्या प्रत्येक घरी एकाच वेळी फोन जायचा आणि त्यात दाजींचा आवाज असायचा: "नमस्कार. सर्व सन्माननीय सभासदांना सविनय कळविण्यात येते की, आपल्या वसाहतीत पाणी सोडण्यात आलेले आहे. पाण्याचा अपव्यय टाळावा, ही नम्र विनंती. धन्यवाद." 'धन्यवाद'नंतर ते हलकेच खाकरत. माझी भाची, म्हणजे त्यांची मुलगी, संगणकाचं काम करते. ते खाकरणं काढून टाकते म्हणाली, तर नको म्हणाले. भाषण संपल्याचं लोकांना कळलं पाहिजे.

दाजी उन्हाळा लागता लागता गेले. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. आम्ही एकेक जण पुढं होऊन आश्वासनं देत होतो. मी म्हणालो, अक्काकडं बघीन. भाची म्हणाली, आईला एकटी सोडणार नाही. कावळे समोरच्या बाभळीवर बसून ऐकत होते, हलत नव्हते. शेवटी कॉलनीचे सचिव पुढं आले, हात जोडले आणि सभेत बोलावं तसं म्हणाले, "साहेब, कॉलनीला पाणी नियमित मिळेल, अशी मी ग्वाही देतो." त्याबरोबर एक कावळा खाली उतरला. सचिवांनी सगळ्यांकडं वळून पाहिलं. तेव्हापासून कॉलनीत त्यांचं वजन वाढलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी अक्काचा नांदेडला फोन आला.

"ह्यांचा फोन आला होता," ती म्हणाली.

"कोणाचा?"

"ह्यांचा."

 काहीतरी विचारायला हवं म्हणून मी विचारलं, "काय म्हणले?"

"पाणी सोडलंय म्हणले. मी उठून हंडा लावला नळाखाली. थेंब न्हाई आला." मग ती म्हणाली, "खोटं कधी बोलले न्हाईत रे ते. बोलायचे लई, पण खोटं न्हाई."

मी दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळीकडं ऊन खिडकीतून आत येऊन शेजारी बसत होतं. अक्काचं डोकं ठिकाणावर असेल की नसेल, एवढाच विचार वाटभर करत होतो. लातूरला पोचलो, जेवण झालं, अक्का पडली, मी पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसलो आणि फोन वाजला. अक्काचा. त्याच क्षणी शेजारच्या घरातला वाजला. समोरच्या माडीवरचा वाजला. मागच्या गल्लीतून, वरून, खालून, सगळीकडून घंट्या. मग त्या एकेक करून थांबल्या आणि उघड्या खिडक्यांमधून दाजी बोलू लागले. एका घरात 'नमस्कार', तोवर दुसऱ्यात 'सविनय', पलीकडं 'अपव्यय'. एकच माणूस, शंभर घरांत, जरा पुढंमागं. शेवटी वेगवेगळ्या अंतरांवरून ते खाकरले. मग पुन्हा दुपार झाली.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. फक्त हातातला पेपर उलटा आहे, हे मला बऱ्याच वेळानं दिसलं.

अक्का केव्हाच उठून मोरीत गेली होती. नळ उघडा, खाली हंडा, हंडा कोरडा. ती नळाकडं बघत उभी होती, उशिरा येणाऱ्या माणसाकडं बघावं तशी.

शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. "बघा भाऊ," त्या मला म्हणाल्या, "ग्वाही दिली होती सचिवांनी. पाळली न्हाई. आता साहेबांचा जीव अडकून राहिलाय टाकीपाशी."

"काकू, ते रेकॉर्डिंग आहे," मी म्हणालो.

"हाव, रेकॉर्डिंगच हाय. पण लावून कोण राहिलंय?"

 याचं उत्तर भाचीकडं होतं, पण तिला ते सांगवत नव्हतं. संध्याकाळी ती कामावरून आली, चहाही न घेता लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "मामा, एजंट लावून राहिलाय. मीच बसवलाय तो."

एजंट म्हणजे विम्याचा नव्हे, संगणकातला; लोकांचं लिहिणं स्वतः वाचून उत्तर देणारा प्रोग्राम. कॉलनीच्या लोकांनी फोनवर मजकूर पाठवायचा आणि या एजंटनं उत्तर द्यायचं, अशी ती व्यवस्था. दाजींचीच ती शेवटची हौस. ते गेल्यावर मुलीनं पुरी केली. एजंटच्या हाताशी काही टूल्स, म्हणजे कामाची अवजारं, दिलेली असतात, त्यांतलं कुठलं कधी वापरायचं हे तो स्वतः ठरवतो. तक्रार नोंदवायचं एक टूल, दिवाबत्तीचं एक, आणि एक घरोघरी फोन लावायचं. व्हॉल्व्हमननं एजंटला 'पाणी सोडलं' असं कळवलं की एजंटनं ते चालवायचं. हे शेवटचं टूल वेबहूक मारतं. वेबहूक ही लांबच्या घरावर बसवलेली बेल समजा. बटण इकडं, घंटा तिकडं. तिकडं कोण दचकलं, कोणी हंडा लावला, हे बटण दाबणाऱ्याला दिसत नाही. त्याच्याकडं परत येतं ते फक्त 'ठीक'.

"पण पाणी नसताना का लावतो?" मी विचारलं.

तिनं मागचे संवाद दाखवले. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी जेवणानंतर एजंटला लिहिलं होतं, 'नमस्कार. पाणी आलं का?' लगेच फोन गेले होते. त्याआधी एका बाईंनी, 'काय म्हणता, पाणी आलं का?' पुन्हा फोन. लातुरात 'पाणी आलं का' हा प्रश्न नाहीच. दुसरीकडं लोक 'जेवलात का' म्हणतात, तसं इथं रस्त्यात भेटलेला माणूस पाणी आलं का म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता पुढं जातो. पोस्टमास्तरांना पाणी नको होतं. ते नव्या ओळखीच्या इसमाची विचारपूस करत होते.

"आणि या टूलचं वर्णन काय लिहिलंय?" मी विचारलं. एजंटला टूलच्या आतलं काही दिसत नाही. सोबत लिहिलेल्या चार ओळी हेच त्याचं जग असतं. आंधळ्याच्या हातात डबे द्यावेत आणि डब्यांवर काय आहे ते वाचून दाखवावं, तसं.

भाची जरा घुटमळली. "बाबांनी लिहिलंय. माझं मराठी कच्चं म्हणून मीच सांगितलं होतं त्यांना."

मी वाचलं. 'सदर सुविधा ही वसाहतीतील सन्माननीय सभासदांना पाणीपुरवठ्याविषयी अद्ययावत माहिती उपलब्ध करून देण्याच्या उदात्त हेतूने कार्यान्वित करण्यात आलेली आहे.'

वाक्य भारदस्त होतं. फोन, घरं, आवाज, यांपैकी एकही गोष्ट त्यात नव्हती. कोणी पाण्याविषयी विचारलं, हाताशी पाण्याची अद्ययावत माहिती देणारं टूल होतं, ते एजंटनं सद्भावनेनं चालवलं. पलीकडून 'ठीक' आलं. मग त्यानं पोस्टमास्तरांना कळवलं, 'पाण्याविषयी माहिती देण्यात आली आहे.' तो आणि दाजी, दोघंही एकाच शाळेत शिकल्यासारखे. दाजींनी जन्मभर असली वाक्यं लिहिली आणि ती वाचून कोणी कधी काही केलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा त्यांना असा वाचक मिळाला होता, जो त्यांचं म्हणणं शब्दशः पाळत होता. सांगणारा आता नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी कोणीच गेलेलं नसतं.

तेवढ्यात सचिव आले. रविवारी सर्वसाधारण सभा होती. "आमच्या भावना समजून घ्या," खुर्चीत बसताच ते मला म्हणाले. "साहेबांविषयी आम्हाला नितांत आदर. परंतु लोक भयभीत आहेत. लहान मुलं दचकतात. मृतात्म्याला शांती लाभावी, म्हणून तो आवाज काढून टाकणं उचित, असं समितीचं मत आहे."

"मग फोनवर कोण बोलणार?" भाचीनं विचारलं.

सचिवांनी नम्रपणे खाली पाहिलं. "लोकाग्रहास्तव कोणालातरी पुढं व्हावंच लागेल."

ते पुढं झालेच होते. नंतर कळलं की मजकूर त्यांनी पाठही करून ठेवला होता. मी म्हणालो, चूक टूलच्या वर्णनात आहे, आवाजात नाही; दोन दिवस द्या. ते म्हणाले, "रविवारपर्यंत एकदा जरी खोटा फोन गेला, तरी ठराव मांडणार. मग माझा नाइलाज." आणि नाइलाजाचा माणूस इतका टवटवीत मी क्वचित पाहिला आहे.

ते गेल्यावर भाची आईला म्हणाली, "काढू देत गं. मी तुझ्या फोनवर बाबांचं रेकॉर्डिंग ठेवून देते. पाहिजे तेव्हा ऐक."

अक्का तांदूळ निवडत होती. "नुसतं ऐकून काय करू?" ती म्हणाली. "रिकामं बसून बोलणारा माणूस न्हवता तो. त्यांना कामाचं बोलू द्या. न्हाईतर राहू द्या." आणि खडा बाजूला टाकून तिनं ताट पुढं सरकवलं.

म्हणजे मला काय करायचं होतं ते स्पष्ट होतं. फोन बंद करायचे नव्हते. खोटे फोन बंद करायचे होते, तेही दाजींचंच वाक्य खोडून.

भाचीनं ते टूल तात्पुरतं कॉलनीपासून तोडलं आणि फक्त स्वतःच्या फोनला जोडलं, म्हणजे चाचणीत चुकलो तरी घंटा तिच्याच हातात वाजणार. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माळवदावरच्या सावलीत बसलो. मी पहिलं वर्णन लिहिलं: 'हे टूल कॉलनीतल्या प्रत्येक घरी फोन लावतं आणि पाणी सोडल्याचं कळवतं.' सरळ, स्वच्छ. मला बरं वाटलं. भाचीनं एजंटला विचारलं, 'पाणी आलं का?' तिच्या हातातला फोन वाजला. तिनं तो कानाला लावला आणि पूर्ण ऐकला, खाकरण्यापर्यंत.

"का लावला?" मी विचारलं.

"एकाला जाणून घ्यायचं आहे, तर सगळ्यांनाच सांगावं, असं त्याला वाटलं," ती वाचून म्हणाली. "बाबांवर गेलाय."

मग मी लिहिलं, की पाणी आलं आहे की नाही हे या टूलला कळत नाही. ते कोणाला माहिती देत नाही, नुसता फोन लावतं. पाणी आलं का असं कोणी विचारलं तर हे वापरायचं नाही, तो बहुतेक वेळा नमस्कारच असतो. एवढ्यावर 'पाणी आलं का'ला एजंट गप्प राहिला. पण भाचीनं लिहिलं, 'आज पाणी येईल वाटतं', आणि फोन वाजला. या वेळी तिनं तो कानाला लावला नाही, मांडीवर ठेवला. दाजी तिच्या मांडीवरून सविनय कळवत राहिले. मी लिहिलं, पाणी सोडणाऱ्या माणसानं स्वतः, सोडल्यावर, तसं सांगितलं तरच. अंदाज चालणार नाही, दुसऱ्याकडून ऐकलेलं चालणार नाही. मग 'ठीक' उशिरा आलं म्हणून एजंटनं फोन दोनदा लावला. मी लिहिलं, उत्तर उशिरा आलं तरी पुन्हा लावू नका. 'ठीक'चा अर्थ निरोप निघाला एवढाच, घरोघरी पोचला असा नव्हे.

दुपारपर्यंत हे चाललं. मी एक वाक्य घालायचो, ती विचारायची, आणि वाक्य तोकडं पडलं की तिचे वडील बोलायचे. एरवी माझ्या चुकांचा आवाज होत नाही.  मध्येच एकदा ती म्हणाली, "मामा, 'धन्यवाद'च्या आधी ते श्वास घेतात. माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं." पुढचं वाक्य मी फार विचार करून लिहिलं.

शेवटी राहिलं ते असं: लावलेला फोन परत घेता येत नाही. शंका असेल तर लावू नका, व्हॉल्व्हमनला विचारा. हे लिहिल्यावर तिनं चारही बाजूंनी विचारून पाहिलं. आर्जवानं, रागानं, पोस्टमास्तरांसारखं, सचिवांसारखं. फोन गप्प होता. दर वेळी एजंट सांगत होता, 'पाणी सोडल्याचं अजून कोणी कळवलेलं नाही.' भाचीनं त्यानंतरही दोन-तीनदा विचारलं. मला वाटतं, ती चाचणी नव्हती.

"बाबांचं वाक्य खाली ठेवायचं का, आठवण म्हणून?" तिनं विचारलं.

"नको. तो वाचेल आणि विश्वास ठेवेल."

तिनं ते पुसलं. मी बारीकसारीक वाक्यं हजारो खोडली आहेत. हे खोडताना दोघंही पडद्याकडं बघत होतो, अग्नी दिल्यावर बघतात तसे.

भाचीनं टूल पुन्हा कॉलनीला जोडलं. पुढचे दिवस कॉलनी शांत होती, आणि ती शांतता मलाच सोसेना. दुपारी लोक झोपत. पोस्टमास्तर रोज एजंटची विचारपूस करत, एजंट त्यांना अदबीनं नाही म्हणे. अक्का मात्र झोपत नव्हती. ती फोन जवळ घेऊन पलंगावर बसायची, पदराची गाठ सोडायची, बांधायची. मी विचारलं तर म्हणाली, "न्हाई, बसले अशीच." खोटे का होईना, ते फोन येत होते. मी नीट लिहिलं आणि माणूस घरातून दुसऱ्यांदा गेला.

रविवारची सभा झाली. सचिवांनी भाषण केलं, त्यात 'परंपरा आणि तंत्रज्ञान' होतं. मध्ये शेजारच्या काकू उठून म्हणाल्या, "आता खोटे फोन येऊन राहिले न्हाईत. मग राहू द्या की साहेबांचा आवाज. सवय झालीय." सचिवांनी जनभावनेचा आदर राखला. त्यांचा घसा त्या दिवशी चांगला साफ होता, असं मला वाटलं.

मी नांदेडला परतणार, त्या दिवशी सकाळी टाकी भरली. अक्काचं घर उताराला, टाकीच्या अगदी खालच्या अंगाला; त्यामुळं व्हॉल्व्ह फिरला की पाणी तिच्याकडं आधी येतं आणि निरोप मागून. नळ खोकला, फुसफुसला आणि धार लागली. अक्का पदर खोचून मोरीत. हंडा, कळशी, बादल्या, घागर, पिंप. मी आणि भाची हाताखाली धावत होतो. एवढ्यात घरात फोन वाजला. मग शेजारचा, समोरचा, माडीवरचा.

भाची थबकली. "आई, बाबांचा फोन."

"वाजू दे," अक्का हंड्यावरून मान न उचलता म्हणाली. "बादली आण ती, आधी."

फोन वाजून थांबला. पाणी पाऊण तास होतं. सुरुवातीचं गढूळ आलं.